रुचिकाचे दोन आकडे

पूर्वी कुणी विचारलं असतं, गंगासागरबाई, तुमी भूतबीत मानता का, तर मी तोंडावर न्हाई म्हणले असते. आमच्या लिंगायतांत श्राद्ध न्हाई, पिंड न्हाई, कावळ्याची वाट बघणं न्हाई. माणूस शिवाला मिळाला, विषय संपला. आता विचारलं तर मी गप बसते.

माझा भाऊ कल्याणराव, त्याचं चौसाळ्यात हायवेला किराणा दुकान हाय. मालक वारल्यापास्नं मी त्याच्याच घरी. सकाळी गल्ल्यावर तो, दुपारी मी. त्याला दोन लेकरं, थोरला श्रीशैल आन् धाकटी रुचिका. श्रीशैल गेल्या पौषात मांजरसुंब्याच्या घाटात मोटरसायकलवरून पडून गेला. म्हणजे एकच लेकरू म्हणायला पाहिजे, पण जीभ वळत न्हाई.

रुचिका चोवीस वर्षांची. बीडला लॅबमध्ये रक्त काढते. हात इतका हलका की लेकरू रडायला तोंड उघडतंय तवर सुई बाहेर. तोंडानं मात्र तिखट, माझ्यावर गेलीय. तिला चौसाळ्यातच स्वतःची लॅब टाकायची होती. इथल्या म्हाताऱ्यांनी साखर तपासायला उपाशीपोटी बीड गाठायचं, हे तिला बघवत न्हवतं. रिपोर्टवर सही करायला बीडचे डॉक्टर तयार होते, सुंदररावांनी आपला स्टँडजवळचा गाळा महिनाभर तिच्यासाठी थांबवून ठेवलता. मशीनपुरतं तीन लाखाचं कर्ज तेवढं पाहिजे होतं.

आन् कर्जाची तयारी तर पोरीनं दोन वर्षं आधीच धरलती. ती मला समजावून सांगायची. बँक आता तोंड बघून पैसे देत न्हाई, स्कोर बघून देती. ज्यानं जन्मात कर्ज काढलं न्हाई त्याला स्कोरच नसतो. मी म्हणलं, मग कर्ज न काढणारा शहाणा का येडा? ती म्हणली, "आत्या, पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला तू उधार देतीस का?" मी कशाला देते. मग तिनं दहा हजाराची ठेव ठेवली, त्यावर कार्ड घेतलं, मोबाईलचा रिचार्ज आन् लाईटबिल तेवढं त्यावर करायची, आन् मुदतीच्या आठ दिवस आधी पैसे भरून मोकळी. महिन्याला मोबाईलात आकडा दाखवायची. सातशे बारा. सातशे चाळीस. सातशे अडुसष्ट. दहावीच्या मार्कांना ती एवढी हरखली न्हवती.

बँकेतल्या साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं आन् पाचशे त्र्याऐंशी सांगितलं.

मी तिच्यासंगं गेलते. तिनं आपला मोबाईल पुढं केला, तिथं सातशे अडुसष्ट. साहेब, रामकिसन नाव त्यांचं, बरा माणूस, चिडले न्हाईत. म्हणले, "ताई, आकडा ठेवणाऱ्या चार कंपन्या हायत. प्रत्येकीची वही वेगळी, मोजायची रीत वेगळी. तुमचं ॲप एकीला विचारतंय, आमी दुसरीला. वीस-तीसचा फरक सगळ्यांचाच असतो, त्याची फिकीर करू नका. पण एवढा फरक म्हणजे एका वहीत काहीतरी हाय, जे दुसरीत न्हाई. दोघींचा पूर्ण रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो."

घरी येऊन तिनं रिपोर्ट काढले. एकात नुसतं तिचं कार्ड, स्वच्छ. दुसऱ्यात कार्डाखाली आणखी एक ओळ. मोबाईलचं कर्ज, बावीस हजार, मागल्या वर्षीच्या गुढीपाडव्याचं. दहा हप्त्यांतले तीन भरलेले, पुढं सगळं कोरं.

तिचा चेहराच उतरला. पाडव्याला श्रीशैलनं मोबाईल घेतलता. त्याच्या नावावर मिळेना, कारण त्याला स्कोरच न्हवता. म्हणून हिच्या नावावर घेतला, नंबर स्वतःचा लावला, म्हणजे हिला कटकट नको. ओटीपी आला तो हिनं सांगितला. दसऱ्याला सोनं द्यायला आला तवा म्हणलता, "रुचे, हप्ते फिटले गं सगळे. तू मोकळी झालीस." मी तिथंच पोळ्या लाटत होते, माझ्या कानांनी ऐकलंय. आन् हिच्या मोबाईलात तर आकडा वाढतच होता. कावून शंका घेईल ती?

"सगळे मेसेज दादाच्या नंबरवर गेले असतील," ती म्हणली. "तो मोबाईल कुठं हाय, आत्या?"

मी म्हणलं मला काय माहीत. खोटं बोलले.

आमच्यात माणसाला जाळत न्हाईत. अंघोळ घालून, भस्म लावून, भिंतीला टेकवून बसवतात, हातात लिंग देतात आन् तसंच बसलेलं समाधीला नेतात. त्या दिवशी बाया रडत होत्या, दवाखान्यातून आलेली त्याची पिशवी माझ्यापाशी होती. त्यात मोबाईल. काच तडकलेली, पण चालू. जेवताना हातात, निजताना उशाशी, ह्याच्याबिगर कसं राहील पोरगं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तो त्याच्या शालीच्या घडीत सरकवला. कुणाला बोलले न्हाई. माती लोटताना तो वाजला. टाळ चालू होते, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मला ऐकू आलं.

तेव्हापास्नं मला तो ऐकू येतो. मिरच्या निवडताना, भरदुपारी गल्ल्यावर गिऱ्हाईक समोर असताना. लोक म्हणतात, वय झालं, कान वाजतात. वाजत असतील.

आन् ही पोरगी तो नंबर लावायला लागली. मी म्हणलं, नको लावू. ती म्हणली, कावून? तोवर रिंग गेली. खरंच गेली, मोबाईल स्पीकरवर होता. मी पोत्यावर बसले. मातीखालचा मोबाईल वाजतोय, आन् कुणीतरी उचलला.

"हॅलो," बाईचा आवाज.

धनश्री नाव तिचं, गंगाखेडकडची. वैशाखात नवीन सीम घेतलं, हा नंबर मिळाला. बंद पडलेले नंबर कंपनी दुसऱ्याला देती म्हणे. रुचिकानं नाव सांगितल्याबरोबर ती तडकली. "तुमीच का त्या रुचिका? फायनान्सवाल्यांनी जीव खाल्लाय माझा तुमच्या नावानं. रोज सांगते, मी ती न्हाई. कुणी ऐकत न्हाई." रुचिकानं त्या परक्या बाईची माफी मागितली.

मग मला राहवलं न्हाई. मोबाईल कुठं हाय ते मी सांगून टाकलं. रुचिकानं हातातला मोबाईल खाली ठेवला.

"चार्जर बी दिलास का?" ती म्हणली.

हसली न्हाई. मी बी न्हाई.

आता पुढं काय? नाक्यावर ऑनलाईन कामं करणारा परमेश्वर बसतो, त्याला विचारलं. तो म्हणला दोन वाटा हायत. एक, पैसे भरा, दंडासकट एकवीस हजार चारशे. खातं बंद होईल, पण थकलेले महिने वहीतून पुसत न्हाईत, आकडा चढायला वर्ष-दीड वर्ष लागंल. गाळा काय तवर थांबत न्हाई. दुसरी वाट, पोलिसात अर्ज द्या की भावानं माझ्या नकळत, माझी कागदं वापरून कर्ज उचललं. फसवणूक म्हणून ती ओळ उडाली तर महिना-दोन महिन्यांत काम होईल. "मावशी," मला म्हणला, "मेलेल्या माणसाला कुणी जेलात घालतंय का?"

मला पटलं. लाज वाटती सांगायला, पण पटलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई म्हणतात. जो गेला त्याला नावाचं काय, आन् जी हाय तिची अख्खी जिंदगी पडलीय. मी म्हणलं, लिही. कल्याणराव ऐकून उठला आन् दुकानात जाऊन बसला.

परमेश्वरानं कागद तयार केला. 'माझा मयत भाऊ श्रीशैल याने माझ्या नकळत' अशी सुरुवात होती. रुचिकानं तो दोनदा वाचला, सही करायला पेन घेतला आन् थांबली.

"नकळत कुठं? ओटीपी मीच दिलाय."

मी म्हणलं, "अगं ते कुणाला माहीत हाय?"

"मला हाय."

"तुला लॅब टाकायचीय का हरिश्चंद्राच्या घरात नांदायला जायचंय?" मी लई चिडले. वाट्टेल ते बोलले तिला. माझ्या पाटल्या मोड आन् मशीन आण म्हणलं. ती म्हणली, "मग दोन वर्षं मी काय केलं, आत्या?" कागद घडी करून तिनं परमेश्वराला परत दिला, त्याची फी बी दिली, आन् दुसऱ्या दिवशी साठवलेल्या पैशातून फायनान्सचे एकवीस हजार चारशे भरून आली. कर्ज कुणी घेतलतं, असं तिथल्या बाबानं विचारलं. ती म्हणली, मी. फिटल्याचा कागद हातात पडल्यावरच तिथून उठली.

सुंदररावांनी महिना संपल्यावर आणखी चार दिवस वाट बघितली, खोटं कशाला बोलू. मग गाळा एका मोबाईलवाल्याला दिला. रुचिका पुन्हा सातच्या जीपनं बीडला जायला लागली. मीच आतल्या आत कुढत होते, की भल्याचं जगात काय होतं बघा.

दोन महिन्यांनी ती सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून मोबाईल बघत होती. बँकेनं बघितलेला आकडा आता सहाशे चार झालता. मी म्हणलं, चढला की गं. मग तिनं आपलं ते नेहमीचं ॲप दाखवलं, दोन वर्षं मला दाखवत आली ते. तिथं सहाशे सत्तेचाळीस. मला काही कळंना. पैसे फेडले आन् आकडा खाली कसा?

तिनं हळू आवाजात सांगितलं. खातं बंद करताना फायनान्सवाल्यांनी सगळी माहिती नव्यानं चारही कंपन्यांना पाठवली. आतापर्यंत जिथं पोचली न्हवती तिथं बी ती ओळ बसली, तीन भरलेले आन् सात थकलेले हप्ते, महिन्यासकट. आषाढात थकला, श्रावणात थकला, भादव्यात थकला, आन् दसऱ्याला तो पोळ्यांपाशी उभा राहून फिटले म्हणलता.

सातशे अडुसष्टच्या त्या वहीत ती ओळच न्हवती, म्हणून इतके दिवस तिथं त्याचं बोलणं खरं होतं. तेवढ्यावर पोरगी तगून होती, हे मला तवा कळलं. गाळ्याचं दुःख न्हवतंच ते. भाऊ गेला तवा ती रडली न्हवती, पाहुण्यांना पाणी देत फिरत होती, लोक म्हणले कसल्या काळजाची पोरगी. त्या दुपारी ओट्यावर ती रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या कानात वाजत होतं, मी लक्ष दिलं न्हाई.

"दादा माझ्याशी खोटं बोलला, आत्या," ती म्हणली.

"व्हय," मी म्हणलं. "खोटं बोलला."