आक्काचं जहाज आणि दोन सुतांची चूक

आक्का गेली. काल दुपारी, निपाणीत, स्वतःच्या घरी.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून 'प्रेमळ', 'सोशिक', 'सुगरण' असं येतंय.
प्रेमळ होती. सुगरण अजिबात नव्हती.

माझी ही थोरली बहीण जहाजं बांधायची.
लाकडाची, शिडाची, दोन-दोन फुटांची जहाजं.

सत्तरच्या दशकातलं बेळगाव. आक्का पदर खोचून अंगणात रंधा मारत बसायची आणि शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "पोरीला सुतारकी शिकवून कुठं देणार हाईसा?"
आई म्हणायची, "सुताराला."

आमचे आप्पा उद्यमबागेत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा, हे त्यांचं काम. उरलेले सागवानी तुकडे ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे, पाणी तापवायच्या बंबासाठी. आक्का ते बंबाच्या तोंडातून परत ओढून काढायची.

काकाच्या लग्नाला आम्ही वेंगुर्ल्याला गेलो होतो. तिथं धक्क्यावर तिनं शिडाचं गलबत पाहिलं. पंगती उठल्या तरी ही तिथंच. तिथून हे वेड.

ती म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकली, मी कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या सिस्टरनी मला रद्दीत निघालेलं एक इंग्लिश मासिक दिलं होतं. त्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं ड्रॉइंग होतं, मापांसकट. मी वाचायचे आणि तिला मराठीत सांगायचे.

"क्रोज नेस्ट. म्हणजे कावळ्याचं घरटं."
"जहाजावर कावळं कोण पाळतंय गं?"
"इंग्रज पाळत असतील."

आम्ही मधल्या डोलकाठीवर काथ्याचं घरटं बसवलं. ती टेहळणीची जागा असते, हे फार पुढे कळलं.

दोर निपाणीहून आले. मावशी विड्या वळायची, तिनं विड्या बांधायच्या दोऱ्याची रिळं पाठवली. गुलाबी. चहाच्या पाण्यात उकळूनही गुलाबीच राहिली.

मग गावात छंदांचं प्रदर्शन भरलं. आप्पांनी आक्काचं नाव दिलं.

आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी डेक बसेना. जहाजाच्या सांगाड्यापेक्षा ते थोडं आखूड पडलं. मागच्या टोकाला फट राहिली. नवीन कापायला ना लाकूड होतं, ना वेळ. आक्कानं त्या फटीवर गुलाबी दोराचं वेटोळं ठेवलं आणि मला दम दिला, "आप्पांना सांगशील तर बघ."

परीक्षक होते कल्लाप्पा मिस्त्री. दुसऱ्या फाउंड्रीतले, आप्पांचे जुने दोस्त. त्यांनी जहाजावरून चारी बाजूंनी हात फिरवला आणि आप्पांकडे वळले.

"परशराम, हे तुझं काम हाय. तुझा हात मी वळखत न्हाय व्हय?"
"माझं न्हाय. शालनचं हाय."
"लेकीचं नाव व्हावं म्हणून बाप करतोय रं. मला बी लेकी हाईत."

असं म्हणून त्यांनी हसत हसत जहाजापुढच्या कार्डावरचं 'कु. शालन' खोडलं आणि 'परशराम' लिहिलं.
"पहिला नंबर. पेढं आण!"

आप्पा काहीतरी बोलायला गेले. लोक टाळ्या वाजवायला लागले होते.

आक्का पुढे झाली. तिनं ते वेटोळं उचललं.

"काका, हितं बघा. आप्पांच्या हातनं असलं कधी हुईल काय?"

कल्लाप्पा मिस्त्रींनी चष्मा लावला. खिशातली पट्टी काढून फट मोजली.
"दोन सूत." म्हणजे पाव इंच.
"आणि डेक किती लांब गं?"
"दोन फूट."

दोघा मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं आणि असे हसत सुटले की हॉलमधले लोक गोळा झाले.

वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा एक सूत मोठा. आक्कानं रविवारी आप्पा घरी असताना सांगाडा त्यांच्या पट्टीनं मापला होता. डेक मात्र आठवड्याच्या मधे, आप्पा कामावर असताना, माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीनं.

"दोन पट्ट्या वापरलीस की गं यडे!" कल्लाप्पा मिस्त्री डोळे पुसत म्हणाले.
आप्पा म्हणाले, "मी असं केलं असतं तर मालकानं त्याच दिवशी घरी धाडलं असतं मला."
"पर पोरी, आता पहिला नंबर जाणार हं," मिस्त्री म्हणाले.
"जाऊ दे. नाव माझं लिवा."

दुसरा नंबर आला. कार्डावर 'कु. शालन' पुन्हा लिहिलं गेलं, ठसठशीत.

परतताना बसमध्ये आप्पा कंडक्टरलासुद्धा सांगत होते, "लेकीनं जहाज बांधलंय. दोन सूत चुकलंय, बघा!" जणू तेच मेडल.

पुढे तिचं लग्न निपाणीत झालं. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे सासरी नाव बदललं. सुनंदा. तिनं कधी तक्रार केली नाही. भाऊजींनी तिला तंबाखूच्या खोलीतला एक कोपरा दिला. जांबोटीकडून येणाऱ्या बसवर फणसाचं लाकूड यायचं. सगळं ऐंशीचं दशक ती जहाजं बांधत राहिली. वासाला तंबाखूची, दिसायला राजबिंडी.

प्रत्येक जहाजाच्या मागच्या फळीवर तिनं पटाशीनं एकच नाव कोरलं.
शालन.

आज निपाणीत सगळे सुनंदाकाकूंना निरोप देतायत. किती माणसं आलीत! बरं वाटलं.

मी मात्र माझ्या शालनला निरोप देतेय.

जा आक्का, सावकाश.
डोळे भरलेत, पण मान ताठ आहे. हीच माझी श्रद्धांजली.