भाऊजींच्या तोफेचं पाणी

त्या दिवशी आमच्या गारखेड्यात नळाला पाणी आलं होतं. मी गच्चीवर टाकीत नळी धरून उभी, आणि खालून ह्यांची हाक आली, "अगं, विलास गेला..." दवाखान्यातून फोन होता. टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहत राहिलं, कुणी बंद केलं नाही. भाऊजी असते तर रागावले असते. त्यांच्या जहाजात पाणी असं वाया जात नसे.

जहाज कसलं, ते सांगते. विलासभाऊजी माझे धाकटे दीर. वाळूजला कारखान्यात होते, लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. नाद एकच, अवकाशातल्या जहाजांच्या लढाईचा खेळ बनवायचा. कम्प्युटरवरचा नाही हं, आमच्या जेवायच्या टेबलावर मांडायचा. पुठ्ठ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं आखलेली, नट-बोल्ट चिकटवून केलेली जहाजं, फासे, आणि प्रत्येक शस्त्राचे नियम. समोर खेळायला कोण? मीच! माझं जहाज छोटं, चपळ. त्यांचं थोरलं, मोठ्या तोफेचं. तोफ उडाली की मी संपले.

"भाऊजी, तुमची तोफ लई माजली. एकदा मुद्दाम हरा की."

"नाय वहिनी. तुम्ही खरंच जिंकल्या पाहिजेत. नाहीतर खेळ खोटा."

येवढ्यासाठी त्यांनी वर्षं घातली. तोफेचा मार कमी केला, तर थोरलं जहाज कुणी घेईना. पल्ला कमी केला, तर दोघं नुसते घिरट्या घालत बसायचो. हे पेपराआडून म्हणायचे, "आधी टँकरचं बघा, मग अवकाशात जा."

दुष्काळाची वर्षं ती. शहराभोवती इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळ कोरडे. टँकरची वाट बघत आम्ही डाव मांडायचो. अशाच एका दुपारी तोफेनं मला उडवलं आणि मी चिडले, "येवढी तापलेली तोफ थंड कशानं करता हो? इथं माणसाला प्यायला पाणी नाय, तुमच्या तोफेला बरं फुकट!" भाऊजी फासे खाली ठेवून उठले आणि माझ्या तुटलेल्या माळेचे निळे मणी घेऊन आले. दोन्ही जहाजांना सारखे मणी, तेच पाणी. वळायला एक मणी, तोफ डागली की मूठभर. संपले की जहाज जागीच उभं. पहिल्याच डावात त्यांनी हौसेनं तोफ डागली, कोरडे पडले, आणि मी मागून जाऊन जिंकले! हरून इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. टँकर आला तेव्हा हंडा घेऊन धावताना शेजारणीला सांगत होते, "वहिनी जिंकल्या!"

एक भांडण मात्र राहिलं. कोरड्या जहाजाला समोरच्यानं पाणी द्यावं का?

"लढाईत कोण पाणी देतं, वहिनी? खेळाचा तोल बिघडतो."

"पाण्याला नाही म्हणत नसतात, भाऊजी. द्यायचं, मग लढायचं."

आजारी पडले तेव्हा डाव अर्धाच होता. दवाखान्यात मऊ खिचडीचे दोन घास खाऊन म्हणाले, "मांडलेला डाव मोडू नका... घरी आलो की तुमचा नियम खेळून बघू."

मोडला नाही. आम्ही अजून खाली बसूनच जेवतो. टेबलावर त्यांचं जहाज मधोमध उभं आहे, कोरडं. माझ्याकडे मणी आहेत. परवा धूळ पुसताना त्यातला एक त्यांच्या जहाजापाशी ठेवला. तोल बिघडतो का, ते त्यांनीच सांगायचं होतं. पाळी त्यांची आहे...