धूळ न जाणारी पेटी

मुलांनो, आजोबांच्या गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात गेला का, असं काल फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते. त्याची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली, तेव्हापासून आजोबांनी वाजवणंच सोडलं होतं. मी गंगाखेडचा एक सुतार बोलावला. तो प्रत्येक फळीवर टकटक करून कान लावायचा. मी नव्या पेटीची सुबक आकृती काढून दिली आणि शिस्तीत बजावलं, "आत धुळीचा कणही जाता कामा नये."

बटणांपुरती जागा सोडून त्याने पेटी चारी बाजूंनी बंद केली. आजोबांनी तार छेडली, तर गोधडीखालून कुणी कण्हल्यासारखं वाटलं.

"अहो, आवाज कुठून येणार?" मी सुताराला विचारलं.

"बाई, धुळीचं तुमी लय सांगितलं. आवाजाचं कुटं बोललात?"

कित्येक महिन्यांनी आजोबा खळखळून हसले. सुताराने तिथेच पुढची फळी कापून खुर्चीसारखी वेताची जाळी बसवली.

अ‍ॅम्प्लिफायर पेटीसकट शाबूत आहे आणि आजोबा रोज संध्याकाळी वाजवतात.