अप्पांनी पुसलेले व्रण

आमच्या अप्पांनी आयुष्यात कुणाचाही खरा फोटो काढला नाही. शहरातल्या सदर भागात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि १९६०च्या दशकात लग्नाच्या बाजारात त्याला मोठा भाव होता. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते मुलींचे देवीचे व्रण बुजवत, बसलेले गाल भरून काढत. फोटो पाहून आलेले पाहुणे समोर बसलेल्या मुलीलाच "नवरी कुठाय?" असं विचारत, आणि अप्पा ती आपल्या कलेला मिळालेली दाद समजत.

"देवानं घाईघाईत केलं, ते मी बसून पुरं करून राहिलो," असं ते सांगत. नम्रतेशी त्यांची फारशी ओळख नव्हती. पण एखादी मुलगी रडवेली होऊन आली की "कोनाले दिसनार नाही वं, मी आहो न," असा शब्द देत आणि तो पाळत.

अप्पांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर एका संग्रहालयानं त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. अप्पा भर मे महिन्यात कोट चढवून निघाले. आत शिरले आणि पहिल्याच फोटोपुढे थबकले. नवे फोटो छापण्याआधी तिथल्या विद्वानांनी जुन्या काचा स्पिरिटनं पुसून लख्ख केल्या होत्या. धुळीबरोबर पेन्सिलही गेली. भिंतीवर रांगेनं सगळ्यांचे व्रण परत आले होते आणि वर पाटी होती, 'अस्सल चेहऱ्यांचा छायाचित्रकार'.

इतकी वर्षं पाळलेला शब्द एका फडक्यानं मोडला होता. अप्पांचा चेहरा पाहून माझा जीव तुटला. फोटो उतरवा म्हणून ते अधिकाऱ्याशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात भिवापूरच्या सरूबाई दिसल्या. लग्नाआधी अप्पांनी त्यांनाही तोच शब्द दिला होता, आणि आता त्या स्वतःच्याच फोटोपुढे उभ्या होत्या. अप्पांनी हात जोडले.

"बाई, माफ करा. आत्ताच उतरवाले लावतो."

"राहू द्या, अप्पाजी," त्या म्हणाल्या. "घरचा फोटो पाहून सून इचारते, 'हे कोन होय?' 'मीच' म्हनलं त हासते. उद्या तिले इथं घेऊन येतो."

अप्पांनी हुज्जत अर्ध्यावरच सोडली आणि घरी जायला रिक्षा केली. आमच्या घरात हा विक्रमच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॅमेऱ्यापुढे बसवलं. पेन्सिल कधी फिरवणार, असं मी दोनदा विचारलं, पण त्यांनी फोटो तसाच चौकटीत घातला. वर्षभरात ते गेले.

त्यांनी आधी काढलेले माझे सुंदर फोटो मी नातेवाइकांना वाटून टाकले. तो एक मात्र कुणालाही देत नाही.