सायलीची हार्प आणि आमच्या बाप्पाचं आगमन

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. कोपरीच्या मेहुण्याला सांगितला तेव्हा किस्सा जरा वेगळा होता, पण तोही खराच होता.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर सायली राहते. हार्प वाजवते. हार्प म्हणजे माझ्याहून उंच, उभं, तारांचं वाद्य. पोरगी परदेशात मोठमोठ्या वाद्यवृंदांत क्लासिकल वाजवून आली, जॅझवाल्यांबरोबर गावोगाव हिंडली. पण ठाण्यात तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. शेवटी दोन सिग्नल पुढच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. नेमका गणपतीच्या आदल्या संध्याकाळी!

"काका, टेम्पो मिळेल का? पहिल्यांदाच आपल्या गावात वाजवतेय हो. उशीर नको."

"अगं, मंडळाची मूर्ती कल्याणहून टेम्पोनंच येतेय. बाप्पा उतरवू, तुझी हार्प चढवू. मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' फार वाईट बघा.

संध्याकाळी मांडवात लायटिंग लावून गेटवर आलो, तर काय? मरून रंगाच्या कापडात गुंडाळलेलं, उंच, भारदस्त काहीतरी उभं! आता मूर्ती तर झाकूनच आणतात, आणि पूजेआधी कापडाला कुणी हात लावत नाही. मी ओरडलो, "आले रे आले!" ढोल सुरू. औक्षण, हार, गुलाल. एवढी माणसं, पण एकालाही शंका आली नाही!

तेवढ्यात टेम्पोवाल्या दिन्याचा फोन. "दादा, ट्रॅफिकमध्ये लटकलोय. काय करू?"

मी डोकं चालवलं. बाप्पा इथे, म्हणजे टेम्पोत हार्प! "मग इकडे कशाला येतोस? सरळ हॉलवर जा. स्टेजवर नीट ठेव."

सायली नटूनथटून खाली आली. "काका, हार्प?"

"कधीच गेली!" मी ऐटीत.

ती रिक्षात बसून गेली. थोड्या वेळानं फोन.

"काका, लोक येऊन बसलेत. स्टेजवर गणपती आहे."

"वा! शुभशकुन!"

"काका... माझी हार्प कुठंय?"

मी वळून मांडवाकडे बघितलं. वॉचमननं वेळेआधी खाली आणून ठेवलेली हार्प आम्ही ओवाळली होती.

टेम्पोची वाट बघितली असती, तर तिचा कार्यक्रम बुडाला असता. "ढोल थांबवू नका रे!" मी ओरडलो, आणि हारासकट हार्प ढकलत आम्ही रस्त्यावर. घोडबंदरचं ते ट्रॅफिक, कुणाच्या बापाला वाट देत नाही, ते आमच्यासाठी दुभंगलं! बसवाल्यानं हात जोडले. एका बाईंनी गाडीची काच खाली करून दहा रुपये ठेवले.

सायलीनं गुलाल झटकला, तारा जुळवल्या आणि बाप्पाशेजारी बसून आधी क्लासिकल वाजवलं, मग जॅझ. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

आता यातलं खोटं तेवढं सांगून टाकतो. 'एकालाही शंका आली नाही' म्हटलं ना, ते. ओवाळता ओवाळताच आमची ही म्हणालेली, "अहो, बाप्पाला खाली चाकं कशी?"

"गप गं," मी म्हणालो, "यंदा इको-फ्रेंडली आहे."