न पेटवलेला टेंभा : वेरूळ, पैठण आणि आमच्या शिखरावरचं आग्या मोहोळ

त्या सकाळी मी अंगणात बसून एका लांब बांबूच्या टोकाला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळत होतो. शेजारी डिझेलचा डबा होता. गावच्या भैरवनाथाची यात्रा तोंडावर आली होती आणि देवळाच्या शिखराला, छज्ज्याखाली, सुपाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. ते जाळायचं काम माझ्याकडं आलं होतं.

माझ्याकडंच का, ते सांगतो. आमच्या घराला टेंभ्याचा मान आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तेलात भिजवलेला पेटता टेंभा खांद्यावर घेऊन आमच्यातला एकजण देवळाला पाच प्रदक्षिणा घालतो. त्याच्यामागं पालखी. आजोबांनी घातल्या, वडिलांनी घातल्या, मग चुलत्यांनी, म्हणजे नानांनी. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी. मागच्या वर्षी तिसऱ्या प्रदक्षिणेला टेंभ्याचा धूर शिखरापर्यंत गेला. त्यात मंडळानं शिखरावर नवा फोकस लावलेला. माश्या उठल्या. पालखी ओट्यावर टेकवून माणसं पळाली. नानांना पळता येईना. त्यांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले आणि त्यांना शहरात दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून यंदा बैठकीत ठरलं की यात्रेआधीच मोहोळ जाळायचं. कोणीतरी म्हणालं, टेंभ्याचं घर तुमचं, तेव्हा हाही टेंभा तुम्हीच धरा. नाना सगळ्यांत आधी हो म्हणाले.

बांबू किती लांब लागेल ते बघायला मी देवळाकडं गेलो. मान वर करून उभा होतो, तेवढ्यात एक गांधीलमाशी मोहोळाजवळ घिरट्या घालू लागली. आणि त्या काळ्या पडद्यावरून एक लाट सरकली. वाऱ्यानं ज्वारीचं रान हलावं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसरी, मग तिसरी. हजारो माश्यांनी क्रमानं आपली शेपटी वर केली होती. गांधीलमाशी बिचकून निघून गेली. मी हात जोडले. देवाला की माश्यांना, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

घरी येऊन बायकोला, सुमनला म्हणालो, घृष्णेश्वराचं दर्शन राहिलंय, उद्या वेरूळला जाऊ. ती म्हणाली, "बांबू तसाच टाकून?" मी म्हणालो, बांबू कुठं पळून जात नाही.

पहिला दिवस : वेरूळ

गाडी रशीदभाईची. चितेगावला मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्याच्यासमोर त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जुनी व्हॅन आहे, डिझेल आपण भरायचं आणि बडबड त्याची ऐकायची, असा आमचा रिवाज. त्याला प्राण्यांचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. त्यामुळं घरातून निघतानाच पैज ठरली. त्यानं काहीतरी अजब सांगायचं, खरं निघालं तर चहा मी पाजायचा, खोटं निघालं तर त्यानं.

पैठण रस्त्याचं काम चालू असल्यानं शहर गाठेपर्यंत धूळ खाल्ली. पुढं दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या वेशीतून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, तिथं अर्धा तास गेला. तुम्ही जाणार असाल तर सकाळी आठच्या आत ती वेस ओलांडा. त्या अर्ध्या तासात रशीदभाईनं सांगितलं की ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा एक प्राणी आहे, त्याची लेंडी चौकोनी असते. अगदी ठोकळ्यासारखी.

"विटा पाडायला बरं की," सुमन म्हणाली.

मी फोनवर शोधलं. खरं निघालं. पहिला चहा माझ्या नावावर, खुलताबादला. तिथं रशीदभाई दर्ग्यात फुलं वाहून आला, आम्ही गाडीत बसून सोबत आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

घृष्णेश्वराला गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सदरा, बनियन काढावं लागतं. रांग दीड तासाची होती. फोन आत नेता येत नाही, तो रशीदभाईकडं ठेवला. पिंडीला हात लावताना मागायला काही सुचलं नाही. फक्त एवढंच मनात आलं की देवा, तुझ्याच घराला टांगलेलं ते मोहोळ आहे, तूच काय ते सांग. देव असा लगेच सांगत नाही, हे मलाही माहीत आहे.

लेणी तिथून चालण्याच्या अंतरावर. मंगळवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा. फाल्गुनातच ऊन तापलं होतं, टोपी आणि पाणी हवंच. तिकिटाच्या रांगेजवळ वानरांची टोळी बसली होती. सुमननं बिस्किटाचा पुडा काढला, तशी रशीदभाईनं तिला थांबवलं.

"भाभी, नक्को. याचं पोट गायीसारखं असतं, कप्प्याकप्प्याचं. पाला आंबवून पचवायचं पोट. बिस्किट बाधतं त्याला."

सुमननं पुडा परत ठेवला. वानरानं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं वाढलेलं ताट उचललंय. हेही खरं निघालं. दुसरा चहा.

एका अंधाऱ्या लेण्यात वटवाघळांचा वास आला तेव्हा मात्र तो फसला. ती आंधळी असतात, म्हणाला. मी आधीच वाचलं होतं, वटवाघळांना चांगलं दिसतं. शिवाय अंधारात ती आवाजाच्या प्रतिध्वनीनं वाट काढतात, एवढंच. त्यानं मान्य केलं आणि लगेच टोला मारला, "दत्ताभाऊ, अंधारात बघायला डोळे लागत नाहीत म्हणा की."

कैलास लेण्यात आलो. मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा उंची बघितली. या खेपेला खाली बघितलं. सगळं देऊळ हत्तींनी पाठीवर पेललेलं आहे. कित्येकांच्या सोंडा तुटल्यात, तरी कोणी जागा सोडलेली नाही. मग नजर वर कड्याकडं गेली आणि मी जागीच थांबलो. कपारीत ओळीनं मोहोळं होती. आमच्या शिखरावरच्याहून मोठी.

तिथल्या पहारेकऱ्यानं माझी वर गेलेली मान बघून ओळखलं. साठीला आलेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस.

"अत्तर-बित्तर नाय ना लावलं? विडी काढू नका, मोठ्यानं आवाज करू नका. वर पाव्हणे हायेत."

मी विचारलं, तुम्ही जाळत नाही का? तो म्हणाला की दोर लावतो, माणसाला लांबून नेतो, उठल्या तर काही वेळ हा भाग मोकळा करतो. मग आपणहून म्हणाला, "निघून जातात अन् पुन्हा येतात. त्याच कपारीला. मेणाचा डाग असतो ना, तिथंच."

"त्याच माश्या?"

"आता त्यांची हजेरी थोडीच घेतो मी."

इथं रशीदभाई पुढं सरसावला. त्या त्याच नसतात, म्हणाला. कामकरी माशी काही आठवडेच जगते. उडून दूर मुलखात गेलेल्या तिकडंच मरतात. परत येतात त्या त्यांच्या नाती-पणती. ज्यांनी ही कपार कधी पाहिलेलीच नसते.

मी म्हणालो, हे काही पटत नाही. भक्तनिवासात मुक्कामाला गेल्यावर (खोली साधी, स्वच्छ, आधी फोन करून जा) बराच वेळ शोधत बसलो. अभ्यास करणाऱ्यांनी तसंच लिहून ठेवलंय. आणखी एक वाचलं, आग्या माशी चांदण्या रात्रीही मध गोळा करायला जाते आणि दिव्याकडं ओढली जाते. मागच्या वर्षीचा तो फोकस मला आठवला. आपण तिच्या दारात चंद्र आणून टांगला होता.

दुसरा दिवस : पैठण

सकाळी निघून शहरात इमरती घेतली आणि आमच्या गावाचा फाटा टाळून सरळ पैठणला गेलो. सुमन म्हणाली, फाट्यावरून गेलं तर तुम्ही उतरून बांबू धराल. तिला सगळं कळत होतं.

घाटावर गोदावरीत पाय बुडवले, नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. पैठणीच्या मागावर सुमननं पदरावरच्या मोरांवरून हात फिरवला, किंमत विचारली आणि "मोर लई छान काढलाय" म्हणून बाहेर आली. दुपारी धरणाच्या मागं, जिथं पाणी उथळ होतं, तिथल्या कच्च्या रस्त्यानं गेलो. शेवटचा टप्पा चिखलाचा आहे, गाडी अलीकडंच लावा. दुर्बीण असेल तर न्या. आम्ही रशीदभाईच्या फोनवर भागवलं.

रोहित पक्षी लांब होते. आधी वाटलं पाण्यावर गुलाबी धुकं आहे. मग धुक्याला पाय दिसू लागले.

"गुडघा उलटा वाकतो बघा," मी म्हणालो.

"तो गुडघा नाय भाऊ, घोटा आहे. गुडघा वर, पिसांत."

आणि रंग जन्माचा नसतो, पिल्लू करड्या-पांढऱ्या रंगाचं असतं, खाण्यातून ते गुलाबी होतं. चोच उलटी करून, डोकं खाली घालून ते पाण्यातलं खाणं गाळतात. हे ऐकून सुमन म्हणाली, "आमच्या सासूबाई म्हणायच्या, सुनेनं मान खाली घालून जेवावं. हा तर लईच गुणाचा पक्षी." रशीदभाई इतका हसला की जवळचे दोन बगळे उडाले. चहाचा हिशोब तिथंच सोडून दिला.

परतीला मी त्याला विचारलं, त्या माश्यांना कपार कोण दाखवतं? आजी मेली, आईनं दुसऱ्याच मुलखात जन्म दिला, मग कळतं कसं?

त्यानं खांदे उडवले. "पक्कं कुणालाच माहीत नाय. माझा व्हिडिओ तिथंच संपला."

मला आमची यात्रा आठवली. वाळूजला, पुण्याला वाढलेली पोरं येतात. गावात जन्मलेली नाहीत, तरी एसटीतून उतरली की कोणाला न विचारता देवळाच्या पायरीवर जाऊन बसतात. कोणत्या पायरीवर आपलं घर बसतं, तेही त्यांना ठाऊक असतं.

घरी

बांबू अंगणात तसाच होता. मी तो हातात घेतला नाही, नानांकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी सरळ सांगितलं, मोहोळ जाळणार नाही, आणि देवळाभोवती टेंभाही पेटवणार नाही.

 नाना म्हणाले, "तीन पिढ्यांचा मान. माश्यांपायी सोडतो?"

"सोडत नाही नाना. टेंभा खांद्यावर घेणार, पाच फेरे घालणार. पेटवणार वेशीत, देवळापासून लांब."

"मला चावल्यात त्या. तुला नाय."

ते खरंच होतं.  मला जे कळलं होतं तेवढंच सांगितलं, की तुम्हाला चावलेल्या माश्या आता नाहीत. ज्या चावल्या, त्या चावून तेव्हाच मेल्या. उरलेल्याही पावसाळ्यात गेल्या. आता वर आहेत त्या पुढच्या पिढीच्या.

"म्हंजी ह्या त्या नव्हंत?"

"नाहीत. त्यांच्या नाती-पणती असतील."

नानांनी डोळ्यांवरून हात फिरवला, जिथं सूज आली होती तिथं. "अन् तरी इथंच आल्या?"

"इथंच. त्याच छज्ज्याला."

ते शिखराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "देवानं बोलावल्याशिवाय कोण येतं." आणि माझ्याकडं वळून, "बैठकीत मी बोलतो. तू नीट बोलत नाय."

बैठकीत कुरकुर झाली. न पेटवलेला टेंभा म्हणजे नुसती काठी, असं एकजण म्हणाला. नाना म्हणाले, चावा मी खाल्लाय, मला बोलू द्या. मग जाळायचं रद्द झालं. फोकस काढला, फटाके माळावर नेले, शिखराच्या बाजूला दोर बांधला, पालखीवर अत्तर शिंपडणं बंद केलं. वेरूळच्या पहारेकऱ्याचं जमेल तेवढं उचललं.

यात्रेच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आम्ही निघालो. ढोल नव्हता, नुसते टाळ, तेही हळू. अंगणातला तोच बांबू टेंभा म्हणून खांद्यावर होता, चिंध्या मी सोडल्या नव्हत्या. डिझेल मात्र लावलं नाही. सुमननं त्याच्यावर झेंडूची माळ गुंडाळली होती. रशीदभाई दोराजवळ उभा राहून लोकांना लांब ठेवत होता. तिसऱ्या फेरीला मी पाय हळू केले. वर बघितलं. पडद्यावरून एक लाट गेली, आणि थांबली.

पाच फेरे झाले. वेशीत आल्यावर मी टेंभा खाली धरला, नानांनी तेल ओतलं, आणि मी काडी ओढली.