कोंबडखतातला मुळा

शेणाची मला कधी घाण वाटली नाही. शेतकऱ्याच्या पोरीला वाटूही नये. पण कोंबडखत हा प्रकारच वेगळा. पोल्ट्रीतून ताजं उचललेलं, ओलं, पिसांसकट, मध्येच एखादं मेलेलं पिल्लू. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते आणून घरामागच्या वाफ्यात ओतलं, तेव्हा मी नुकतीच देवपूरहून गावी पोचले होते. नाकाला पदर लावून मी चार पावलं मागे सरले.

वाफा होता मुळ्याचा, आणि मुळा हवा होता मायला. एका तापानंतर तिचं नाक गेलं होतं, वास येईना; जीभही गेली होती, चव कळेना. भरीत, ठेचा, कळण्याची भाकरी, तिला सगळं सारखंच. जेवण इतकं तुटलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टर म्हणाले, येईल वास हळूहळू, नाहीही येणार. मग एकदा ती आपणहून म्हणाली, "माले आपला वावरना मुळा खावाना शे." एवढ्यावर आबा कामाला लागले.

आबांचा जन्म केळीत गेला. केळ म्हणजे बकासुर, ओताल ते खाते. मी म्हणाले, "आबा, मुळ्याला चांगलं कुजलेलं खत लागतं, तेही बेताचं."

"केळले चालस, मंग मुळाले काब्र नई?"

केळीवाल्यांना जगात दुसरं पीक दिसतच नाही.

मी दर रविवारी गावी यायचे, आणि पुढचे सगळे रविवार नरकात गेले. माश्या ताटावर, कपात, मायच्या पापण्यांवर. वाफ्यात अळ्या वळवळायच्या. मला तिथे चहासुद्धा जाईना. शेजारीण आमच्याकडची खिडकी उघडेना. माय मात्र वाफ्यालगत खाट टाकून निवांत बसायची, कारण तिला कसलाच वास येत नव्हता. ते बघून माझी चिडचिड व्हायची आणि रडूही यायचं.

मुळे उपटले तेव्हा तर शिसारीच आली. पाला कमरेएवढा, आणि खाली एकही मुळा सरळ नाही. तीन-तीन फाटे, अंगभर केस, बेचक्यांत काळा चिकट लगदा. "अति तिथे माती," मी म्हणाले. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यातल्या त्यात बरा मुळा निवडून त्यांनी नळाखाली धुतला, पण बेचक्यातलं निघता निघेना. हे तिला देऊ नका, असं मी म्हणेपर्यंत मायने हात पुढे केला होता.

मुळा तोंडाशी नेला आणि ती थांबली. पुन्हा हुंगला. मग हात लांब केला.

"हाऊ घाण वास कसाना येस?"

आबा नळ तसाच वाहता सोडून तिच्याजवळ आले. मी तो गलिच्छ मुळा तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा तिच्या नाकाशी धरला. तिने तोंड फिरवलं.